तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात जास्त झोपडपट्टी कुठल्या देशात?

हा प्रश्न मला वर्षातून दहा-पंधरा वेळा तरी येतो. शहरांची आणि घरांची आकडेवारी शिकवणं हेच माझं काम, तेव्हा लोक विचारणारच. वर्गात विचारतात, लग्नकार्यात विचारतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं होतं. विचारणाऱ्याच्या मनात एखाद्या देशाचं नाव आधीच पक्कं असतं, मी नुसतं ‘हो’ म्हणावं एवढीच अपेक्षा. पूर्वी मीही एक नाव सांगून मोकळी व्हायचे. आता होत नाही, आणि याचं श्रेय मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीला आहे.

एका व्याख्यानात मी नैरोबीतल्या किबेराचं उदाहरण देत होते. आफ्रिकेतली सगळ्यात मोठी झोपडपट्टी, लोकसंख्या दहा लाख, असं बिनधास्त ठोकून दिलं. तेव्हा सगळेच तो आकडा देत असत. या मुलीनं हात वर केला. ‘मॅडम, क्षेत्रफळ किती?’ मी म्हटलं, अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास. तिनं वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला आणि म्हणाली, ‘म्हणजे माणशी अडीच चौरस मीटर. एका खाटेला लागते त्याहून थोडी जास्त जागा. त्यातच गल्ल्या, गटारं, दुकानं, चर्च आणि मधून जाणारी रेल्वेलाइन. घरं तर तुम्ही एकमजली दाखवलीत. मग माणसं झोपतात कुठे?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर शोधलं. केनियाच्या २००९च्या जनगणनेत किबेरात १,७०,०७० माणसं मोजली गेली होती. स्वतंत्रपणे केलेल्या काही मोजण्या दोन-अडीच लाखांपर्यंत जातात, दहा लाखांच्या जवळपास कुणीच जात नाही. ‘दहा लाख’ म्हणताना कुणी मुद्दाम खोटं बोलत होतं असं मला वाटत नाही. तो आकडा मदत गोळा करणाऱ्यांच्या सोयीचा होता, बातमी लिहिणाऱ्यांच्या सोयीचा होता आणि माझ्यासारख्या व्याख्यान देणाऱ्यांच्याही. भागाकार तेवढा कुणी केला नव्हता. आकडा उतरला म्हणून तिथलं जगणं सोपं झालं असंही नाही. बारा फूट बाय बारा फुटांची खोली, मातीच्या भिंती, वर पत्रा, आणि बहुतेक कुटुंबं भाडेकरू. खोलीचा मालक एक, जमिनीचा मालक सरकार, राहणारा तिसराच.

त्या दिवसापासून मी आकड्याआधी एक गोष्ट विचारते. मोजलं कुणी आणि कशाला झोपडपट्टी म्हटलं?

मुळात शब्दांपासूनच मजा आहे. मराठी शब्दात झोपडी आहे, त्यामुळे तो ऐकला की डोळ्यांपुढे पत्रा आणि ताडपत्री येते. फ्रेंचांचा ‘बिदोनव्हिल’ डब्यांवरून आला, पिंपं नि डबे ठोकून-कापून सपाट केलेल्या पत्र्याची वस्ती. तुर्कीतला ‘गेजेकोंदू’ म्हणजे रातोरात उभं केलेलं. एका रात्रीत भिंती उभ्या करून वर छप्पर चढवलं की सकाळी आलेल्या शिपायाला ते सरळ पाडता येत नाही, अशी तिथे समजूत होती. पाकिस्तानात ‘कच्ची आबादी’. इजिप्तमध्ये ‘अश्वाइयात’, म्हणजे कसंही, अस्ताव्यस्त वाढलेलं. ब्राझीलचा ‘फावेला’ मूळचा झुडपाचा. १८९७मध्ये कानुदोसची लढाई संपवून परतलेले सैनिक रिओतल्या एका टेकडीवर राहिले आणि लढाईच्या मुलखातल्या त्या झुडपाचं नाव टेकडीला चिकटलं. पेरूमध्ये १९६८नंतरच्या लष्करी सरकारला जुना शब्द हलका वाटला, म्हणून त्यांनी या वस्त्यांना ‘तरुण गावं’ म्हणायला सुरुवात केली. एकानं सामान पाहिलं, दुसऱ्यानं वेळ, तिसऱ्यानं आकार, तर चौथ्यानं नुसती पाटीच बदलली. एवढ्या वेगवेगळ्या गोष्टी एका तक्त्यात बसवायच्या म्हणजे ओढाताण होणारच.

ती ओढाताण संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेनं, यूएन-हॅबिटॅटनं, अंगावर घेतली. त्यांनी पाच कसोट्या ठरवल्या. घर टिकाऊ हवं. जागा पुरेशी हवी, म्हणजे एका खोलीत तिनापेक्षा जास्त माणसं नकोत. पाणी नीट मिळायला हवं. शौचालय नीट हवं. आणि उद्या कुणी येऊन हुसकावणार नाही एवढा जागेवर हक्क हवा. यांतली एक जरी कसोटी हुकली तरी ते कुटुंब झोपडपट्टीतलं. लक्षात घ्या, वस्ती नव्हे, कुटुंब.

ही कसोटी कशी चालते ते एका घरावर लावून पाहा. विटांची भिंत, वर स्लॅब, स्वतःचा नळ, स्वतःचं शौचालय, जागेचे कागद पेटीत. खोली एकच. नवरा-बायको आणि दोन मुलं. माणसं चार, म्हणजे हे घर झोपडपट्टीत. पुढच्या वर्षी थोरला मुलगा शिकायला वसतिगृहात गेला, उरली तीन. घर झोपडपट्टीतून बाहेर! भिंतीचा रंगसुद्धा बदललेला नाही. वेडगळ नियम आहे असं मी म्हणत नाही, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण देशोदेशीचे टक्के वाचताना रेघेच्या अलीकडे-पलीकडे अशी किती घरं उभी आहेत हे डोक्यात असावं.

देशांच्या स्वतःच्या मोजण्या याहून निराळ्या. तिथे बहुधा घर नाही, वस्ती मोजतात, आणि वस्ती म्हणायला किमान किती घरं हवीत हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवलंय. समजा, एका नाल्याकाठी एकमेकांना चिकटून चाळीस कुटुंबं राहतात. अर्जेंटिनाच्या नोंदणीत ती येतात, कारण तिथे आठ कुटुंबं पुरतात. भारताच्या नमुना पाहणीतही येतात, तिथे वीस लागतात. भारताच्याच जनगणनेत मात्र येत नाहीत, कारण तिला निदान ३०० माणसं किंवा साठ-सत्तर कुटुंबं लागतात. ब्राझीलच्या २०१०च्या जनगणनेतही नाहीत, तिथे ५१ घरांची अट होती. नाला तोच, माणसं तीच. दोन ठिकाणी आहेत, दोन ठिकाणी नाहीत.

हा फरक किती मोठा होतो ते भारताच्या आकड्यांत दिसतं. २०११च्या जनगणनेत झोपडपट्टीतली माणसं ६.५५ कोटी, शहरी लोकसंख्येच्या १७.४ टक्के. त्याच वर्षासाठी केंद्र सरकारनंच नेमलेल्या प्रणव सेन समितीनं, लहान वस्त्याही धरून, ९.३ कोटींचा अंदाज बांधला होता. २०१४साठी यूएन-हॅबिटॅटचा आकडा ९.८ कोटींवर. जनगणनेत ४,०४१ वैधानिक (म्हणजे नगरपालिका वगैरे असलेल्या) शहरांपैकी २,६१३ शहरांनीच आपल्याकडे झोपडपट्टी असल्याचं कळवलं होतं. बाकीच्या चौदाशेंमध्ये एकही नव्हती, यावर ज्याला विश्वास ठेवायचा त्यानं ठेवावा. ब्राझीलचंही तसंच. त्यांच्या २०१०च्या जनगणनेत १.१४ कोटी माणसं, म्हणजे देशाच्या ६ टक्के. चारच वर्षांनंतरच्या यूएनच्या तक्त्यात शहरी लोकसंख्येच्या २२ टक्के. फावेला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीबाहेरही दाटीवाटीची, अपुऱ्या सोयींची घरं असतात, त्यांना जनगणनेच्या या रकान्यात जागाच नव्हती.

आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा: खड्ड्याचा संडास.

२००३मध्ये यूएन-हॅबिटॅटनं पहिला मोठा जागतिक अहवाल काढला. २००१ साली जगात ९२.४ कोटी माणसं झोपडपट्टीत, असं त्यात होतं. पुढे २०१५च्या अहवालात मागच्या वर्षांचे आकडे पुन्हा छापले गेले, तर २०००साठी ७९.२ कोटी. एका वर्षाचा फरक सोडून द्या, दहा कोटींहून जास्त माणसं भूतकाळातून गेली कुठे? आधी खड्ड्याचा संडास वापरणारं प्रत्येक शहरी कुटुंब झोपडपट्टीत धरलं जात होतं. मग ठरलं की त्यांतली काहीच धरायची. फरशी बसवलेला झाकता येणारा खड्डा चालेल, उघडा चालणार नाही. जिथे घरोघरी खड्डेच, त्या सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांचे टक्के यामुळे एकदम खाली आले. ‘जगातली झोपडपट्टी घटली’ अशा बातम्याही आल्या. घटण्याचा बराचसा भाग व्याख्येतून आला आहे हे अहवालांनी स्वतःच तळटीपेत कबूल केलं होतं, पण तळटीप वाचतो कोण.

इथियोपियाचं उदाहरण त्यासाठीच मी नेहमी देते. २००३च्या अहवालात त्यांचा आकडा होता ९९.४ टक्के. म्हणजे शहरात राहणारा जवळजवळ प्रत्येक जण! राजधानी अदिस अबाबात त्या काळीही मंत्रालयं होती, आफ्रिकी देशांच्या संघटनेचं मुख्यालय होतं, डॉक्टर-वकील होते. मग हे कसं? १९७५मध्ये तिथल्या लष्करी राजवटीनं शहरांतली सगळी जमीन आणि स्वतः राहत्या घराखेरीजची सगळी घरं सरकारजमा केली. ती घरं वॉर्डासारख्या छोट्या कचेऱ्यांमार्फत नाममात्र भाड्यानं दिली गेली. भाडं एवढं कमी की डागडुजीही निघेना, आणि घर आपलं नाही म्हणून राहणाराही पैसे घालेना. निलगिरीच्या खांबांवर माती आणि पेंढ्याचा गिलावा चढवलेल्या भिंती, सामायिक अंगण, अंगणात सामायिक चूल आणि कोपऱ्यात सगळ्यांचा मिळून एक खड्डा. कसोटी लावली की सगळं शहरच नापास. पण तिथे गरीब एकीकडे आणि श्रीमंत दुसरीकडे अशी वाटणी फार नव्हती, एकाच गल्लीत दोघं राहत. पुढे २०१४च्या तक्त्यात हाच आकडा ७३.९ झाला. त्यात नव्याने बांधलेल्या सरकारी इमारतींचा वाटा आहे आणि खड्ड्याच्या नव्या व्याख्येचाही.

बरं, एवढं सांगूनही लोक म्हणतात, ‘ते ठीक आहे हो, पण पहिला कोण?’ सांगते. माणसं मोजायची तर २०१४च्या त्या तक्त्यात पहिला चीन, १९.१ कोटी. हे ऐकून समोरचा नेहमी चमकतो, कारण चीनचं नाव त्याच्या यादीत नसतंच. तिथे पत्र्याची वस्ती सहसा दिसत नाही. शहर वाढत गेलं आणि मधली गावं तशीच राहिली, कारण गावाची जमीन गावाच्या सामूहिक मालकीची. गावकऱ्यांनी तिथे पाच-सहा मजली इमारती इतक्या खेटून उठवल्या की खिडकीतून शेजारच्याशी हात मिळवता येतो, त्यांना ‘हस्तांदोलन इमारती’ असंच म्हणतात. बाहेरगावाहून आलेला कामगार तिथे भाड्यानं राहतो. त्याची नोंद मूळ गावी, त्यामुळे शहराची सरकारी घरं त्याला सहजी मिळत नाहीत. भारत त्या तक्त्यात दुसरा, नायजेरिया ४.२ कोटींवर.

टक्के मोजायचे तर चित्र पालटतं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, दक्षिण सुदान, चाड इथे शहरातल्या दहांपैकी नऊच्या आसपास. पण चाडमध्ये शहरात राहणारेच मुळात चौघांतले एक. आणि सगळं जग घेतलं तर २०२२च्या हिशेबानं ११० कोटींहून जास्त माणसं, शहरी लोकसंख्येच्या साधारण चौथा हिस्सा. २०००पासून टक्का उतरला आहे आणि माणसं वाढली आहेत. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि वाद घालणारे दोघं आपापल्या सोयीचं निम्मं उचलतात.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की मी म्हणते झोपडपट्टी हा नुसता मोजणीचा खेळ आहे. तसं अजिबात नाही. देशादेशांत खराखुरा फरक आहे आणि तो गरिबी-श्रीमंतीनं अर्धाच उलगडतो. सहाराच्या दक्षिणेला शहरी माणसांपैकी निम्म्याहून जास्त झोपडपट्टीत, याला पैसा हे कारण आहेच. तिथे शहरं वाढली, पण पूर्वी इतरत्र शहरांबरोबर जसे कारखाने आणि पगार वाढले तसे वाढले नाहीत. उरलेला अर्धा भाग जमिनीचा. आलेल्या माणसाला पाय टेकायला कायदेशीर जागा मिळते का आणि गटार कोण बांधतं, एवढ्यावर बरंच ठरतं.

पेरूची राजधानी लिमाच्या दक्षिणेला वाळवंटात १९७१मध्ये व्हिया एल साल्वादोर वसलं. पहिली घरं बोरूच्या चटयांची, पण सरकारनं आखून दिलेल्या चौकोनी प्लॉटांवर. रस्ता कुठे जाणार हे आधी ठरलं होतं, म्हणून पाण्याची पाइप नंतर टाकता आली. १९८३मध्ये ती वस्ती स्वतंत्र नगरपालिका झाली. कराचीतल्या ओरंगीत उलट, आखणी-बिखणी काही नाही. तिथे १९८०पासून समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी एकच धोशा लावला: गल्लीतल्या वीस-चाळीस घरांनी मिळून आपल्या गल्लीचं गटार आपल्या पैशानं बांधायचं, पुढचा मोठा नाला सरकारनं. ठेकेदार मध्ये नसल्यामुळे खर्च कितीतरी खाली आला. सुरुवातीच्या गल्ल्यांत उतार चुकले, पाणी तुंबलं, मग माणसांना लेव्हल घ्यायला शिकवलं. घराचे कागद झाले असोत-नसोत, शौचालयाच्या कसोटीत ती घरं पास झाली.

सिंगापूरची वाट तिसरी. तिथलं गृहनिर्माण मंडळ १९६०चं, १९६१च्या मोठ्या आगीत एक अख्खी वस्ती जळाली आणि बांधकामाला वेग आला. आज तिथे दहांतले आठ जण सरकारनं बांधलेल्या घरांत. यावर लगेच ‘मग सगळे तसं का करत नाहीत?’ असा प्रश्न येतो. बेट लहान, बहुतेक जमीन सरकारच्या ताब्यात, आणि सीमा ओलांडून कोण येणार हेही सरकारच ठरवणार. या तीनपैकी एकही सोय बहुतेक देशांना नाही. हाँगकाँगमध्येही १९५३च्या नाताळच्या रात्री अशीच आग लागून पन्नास हजारांवर लोक उघड्यावर आले आणि सरकारी घरांची सुरुवात झाली. तरी तिथे आजही दोन लाखांवर माणसं फ्लॅटचे तुकडे पाडून केलेल्या कोंदट खोल्यांत राहतात. झोपडपट्टीच्या जागतिक तक्त्यात ती शोधू नका. श्रीमंत देशांचा रकाना एक तर कोरा असतो, नाहीतर जवळजवळ शून्य. पॅरिसला लागून असलेल्या नांतेरमध्ये १९६०च्या दशकात अल्जीरियन कामगारांची मोठी पत्र्याची वस्ती होती, हे आता तिथल्याच पुष्कळांना सांगावं लागतं.

इजिप्तचा आकडा १९९०मध्ये ५०.२ टक्के होता, २०१४मध्ये १०.६. घराघरांत पाणी, वीज, शौचालय खरोखरच पोचलं. पण कैरोभोवती शेतजमिनीवर परवान्याशिवाय उठलेल्या विटा-काँक्रीटच्या उंच इमारती तशाच आहेत. कसोट्या त्यांना पास करतात, कायदा करत नाही. २००८मध्ये कैरोतल्याच दुवैका वस्तीत कडा कोसळून शंभरावर माणसं गाडली गेली. त्यानंतर सरकारनं वस्त्यांचे दोन भाग पाडले, ‘धोकादायक’ आणि ‘अनियोजित’, आणि पहिल्या भागाकडे आधी लक्ष दिलं. मला ही विभागणी बरीच शहाणपणाची वाटते.

आणि पाचवी कसोटी? जागेवरच्या हक्काची? ती जागतिक आकड्यात धरलेलीच नसते. देशोदेशीची माहिती मिळत नाही म्हणून प्रत्यक्षात चारच कसोट्या लावतात. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. मग मी झिंबाब्वेचा रकाना दाखवते.

वसाहतीच्या काळात काळ्या माणसाला शहरात परवान्याशिवाय राहू देत नसत आणि बांधकामाचे नियम कडक. ते नियम स्वातंत्र्यानंतरही बरेचसे टिकले. त्यामुळे २०००च्या सुमाराला झिंबाब्वेच्या शहरांत झोपडपट्टीचा टक्का तीन-चार, शेजारच्या देशांच्या मानानं चकित करणारा. घरामागच्या अंगणात भाडेकरूसाठी बांधलेल्या जादा खोल्या मात्र हजारोंनी होत्या. विटांच्या, नळ आणि शौचालय हाताशी, चार कसोट्यांत पास. मे २००५मध्ये सरकारनं ‘मुरांबात्स्विना’ नावाची मोहीम काढली, शोना भाषेत त्याचा अर्थ केरकचरा झाडून काढणं. बुलडोझर आले. माणसांना आपल्याच भिंती आपल्या हातानं पाडायला लावलं. हरारेच्या हॅटक्लिफ एक्स्टेन्शनमध्ये तर सरकारनंच आणून वसवलेले लोक होते, तेही सुटले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या दूत ॲना तिबाईजुका यांनी पाहणी करून सांगितलं, सुमारे सात लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेलं.

त्याच वर्षी तक्त्यात झिंबाब्वेचा टक्का १७.९ झाला.